डोक्यामागच्या तीन तारा

‘डोक्याला तेल लावून येऊ नका.’ हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा बोलले, की तेवढ्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं तर वर जागा पक्की झाली असती. मराठीत बोलले, कन्नडात बोलले, मोडक्यातोडक्या हिंदीत बोलले. चिठ्ठीवर लिहून दिलं. तरी माणसं यायची ती केस चप्प बसवून, कपाळावर तेलाचा ओघळ घेऊन. दवाखान्यात जायचं, चार मोठ्या माणसांपुढं बसायचं, ते कोरड्या डोक्यानं कसं? त्यांचं काही चुकत नव्हतं. माझ्या तारा तेवढ्या तेलावर चिकटत नव्हत्या.

बेळगावातल्या एका मोठ्या दवाखान्यात, डोळ्यांच्या विभागात मी तंत्रज्ञ होते. घर हिंडलग्यात. ‘मी हिंडलग्यात असते’ म्हटलं की तिथलं जेल आठवून समोरचा अजूनही चपापतो, मग मी ‘गावात, गावात’ म्हणते. काम मात्र खरोखर कोठडीतलंच होतं. खिडक्यांना काळे पडदे, एक खुर्ची, एक पडदा, एक मशीन आणि मी.

डॉक्टर डोळ्यात बघतात, मी डोक्यामागं बघायची. कारण आपल्याला दिसतं ते डोळ्यात नव्हे, डोक्याच्या अगदी मागच्या बाजूला, जिथं आई टपली मारते तिथं. डोळा फक्त खबर धाडतो. ती खबर पोचली का, किती वेळात पोचली, पुरी पोचली की अर्धी, हे माझं मशीन सांगायचं. डोक्यामागची जागा घासून पुसून तिथं पेस्ट लावून तारा चिकटवायच्या, एक डोळा झाकायचा आणि दुसऱ्यापुढं काळ्यापांढऱ्या चौकटी सारख्या अदलाबदल करत ठेवायच्या. तान्ह्या पोराला चौकटी कुठल्या कळायला, त्याच्यापुढं नुसता उजेड लखलखवायचा. मेंदूत खबर पोचली की पडद्यावर एक लाट उठते. दुखत नाही, टोचत नाही. तरी ‘शॉक देतात’ अशी आमच्या खोलीची ख्याती होती. खरं सांगायचं तर शॉक तिथं बसायचे, पण तारांतून नव्हे.

निपाणीकडचा एक गडी आला होता. मारामारीत एक डोळा साफ गेला, असं कोर्टात सांगत होता. काठी टेकत आला, दाराला धडकला, माझ्या स्टुलावर पाय आपटला. मी तारा लावल्या, चांगला डोळा झाकला, चौकटी सुरू केल्या. त्याच्या त्या ‘गेलेल्या’ डोळ्याची लाट अशी टवटवीत उठली की तेवढी माझीही उठली नसती. ‘मशीन बिघडलंय तुमचं,’ म्हणाला, आणि जाताना दाराला न धडकता गेला. उलटंही व्हायचं. दहावीच्या एका मुलीला ‘परीक्षा आली म्हणून नाटकं करते’ असं म्हणत घरच्यांनी आणली होती. तिची लाट इतकी उशिरा, इतकी दमून आली की मी खुर्चीवरून उठून डॉक्टर मॅडमना बोलवायला पळाले. डोळ्याच्या नसेला सूज होती. तिच्या आईचं तोंड मला आजही दिसतं.

पण ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती वेगळी आहे. ती सांगायची तर आधी तंतूंचं थोडं सांगावं लागेल. हे मला आमच्या डॉक्टर मॅडमनी समजावलं होतं, चहाच्या कपानं टेबलावर रेघा ओढत.

पोर पोटात असताना डोळ्याच्या पडद्यातून लाखो बारीक तंतू निघतात आणि मेंदूकडं वाढत जातात. रस्ता आधी आखलेला नसतो. तंतूच्या टोकाला जणू नाक असतं. वाटेत ठिकठिकाणी पेशींनी रसायनं सोडलेली असतात. एक म्हणतं ये, दुसरं म्हणतं इकडं नको. दोन्ही डोळ्यांचे तंतू मध्ये एका चौकात भेटतात. तिथं काहींनी पलीकडच्या बाजूला जायचं असतं, काहींनी आपल्याच बाजूला वळायचं असतं. कुणी कुठं जायचं हे तिथल्या रसायनांवर आणि तंतूनं घरून काय शिदोरी आणली त्यावर ठरतं. पुढं मेंदूत ठिकाणावर पोचलं की आणखी एक हुकूम मिळतो, आता फांद्या फोड. मग एकेका तंतूला फांद्या फुटतात, त्यातल्या ज्यांना जोडीदार मिळतो त्या टिकतात, बाकीच्या झडून जातात. आमच्या भागात पाटी कुठल्या भाषेत लिहायची यावर माणसं रस्त्यावर येतात. आणि हे एवढंसं पोर आतल्या आत एकही पाटी न वाचता लाखो वाटा बिनचूक लावतं. मी तर ऐकून थक्क झाले होते.

आणि कधीकधी चुकतं. डोळ्याच्या पडद्यामागं एक काळा थर असतो. तो रंग ज्यांच्यात नीट तयार होत नाही त्यांच्या तंतूंना चौकातलं ‘आपल्याच बाजूला वळ’ हे सांगणं नीट लागू पडत नाही. वळायचे ते तंतूही पलीकडं जातात आणि भलत्याच बाजूला जाऊन फांद्या फोडतात. अशा माणसाच्या कातडीत, केसात रंग कमी असतो. आपल्याकडं त्यांना भुरी म्हणतात, डॉक्टर अल्बिनिझम म्हणतात. त्यांचे डोळे ठरत नाहीत, सारखे हलतात, उन्हात मिटतात. एखाद्याचा रंग अगदी पांढरा नसला, नुसता उजळ असला, तर बाहेरून ओळखणं अवघड. तिथं माझ्या तीन तारा कामाला यायच्या. एक मध्ये, एक डावीकडं, एक उजवीकडं. उजव्या डोळ्याला उजेड दाखवला की लाट एकाच बाजूला मोठी, डाव्याला दाखवला की नेमकी दुसऱ्या बाजूला. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तारा उलट्या लावल्या असं वाटून मी सगळं काढून परत लावलं होतं.

तर, भागीरथीआक्का. नाव बदललंय, या गोष्टीतली सगळीच नावं बदललीत. कडोलीच्या पुढल्या एका खेड्यातलं शेतकरी कुटुंब. आक्का साठीच्या आसपासच्या, आवाज असा की ओपीडीत नंबर पुकारायला माणूस लागू नये. बरोबर धाकटा मुलगा नागेश, उद्योगनगरातल्या फौंड्रीत कामाला, आणि त्याची बायको रेश्मा. रेश्माच्या कडेवर वर्ष भरायला आलेली पोरगी. दुधासारखा रंग, मक्याच्या कणसाच्या कोवळ्या केसरासारखे केस, घारे डोळे, आणि ते डोळे सारखे इकडून तिकडं.

नागेश खोलीत आला नाही, दाराबाहेर उभा राहिला. रेश्मा मान वर करत नव्हती. सगळं बोलल्या त्या आक्का.

‘बाई, ही माझ्या सख्ख्या भावाची ल्येक. मीच सून करून आणली. आन् ह्यो माझा ल्योक म्हणतोय, पोरगी माझी न्हवं. लगनाआदी कॅम्पातल्या बेकरीत कामाला जात हुती म्हणं. तितं मिलिटरीची गोरी मानसं येत्यात म्हणं. सोडचिठ्ठी द्यायला निघालाय. माझ्या भावाची पोर तसली न्हाय. तुमी मशीन लावा आन् कागद द्या मला. ह्येच्या तोंडावर मारते.’

गोऱ्या सुनेसाठी चार गावं पालथी घालणारी आपली माणसं पोर जरा जास्त गोरं झालं की बापाचं नाव विचारायला लागतात. मला मनापासून राग आला आणि आक्कांचं कौतुक वाटलं. सासवा मी पुष्कळ पाहिल्या होत्या, पण सुनेच्या बाजूनं पदर खोचून उभी राहिलेली ही पहिलीच.

अडचण एकच. पोरीचं डोकं तेलानं निथळत होतं, डोळ्यांत बोटभर काजळ.

‘आक्का, चिठ्ठीवर लिहिलं होतं ना?’

‘ल्हेकरू भायेर काढायचं तर तेल-काजळ नको व्हय? लोकं काय म्हणतील, आजी मेली काय हिची?’

मी त्यांना परत पाठवलं. पुढच्या खेपेला केस भुरुभुरु उडत होते. खूश होऊन मी टाळूवर हात ठेवला तर बोटं बुडाली.

‘तेल लावू नका म्हटलं होतं की ओ!’

‘कुटं लावलंय? ती टाळू भरल्याली हाय. एरंडेल. ते तेल व्हय?’

 डोक्यामागच्या तारांच्या जोडीला एक तार पुढं लागते, ती नेमकी तिथंच लावायची. खोलीत उकडत होतं, बाहेर रांग, आणि मी ती टाळू पुसतेय, आक्का ‘सावकाश, सावकाश’ म्हणत माझाच हात धरतायत. रेश्मा त्या दिवशी पहिल्यांदा हसली. मग तिनं पोरीला पाजायला घेतलं, पोरगी पेंगली, आणि मी तारा लावल्या.

एक डोळा झाकला. उजेड. लाट एका बाजूला चढली, दुसऱ्या बाजूला जवळजवळ सपाट. दुसरा झाकला. उजेड. चित्र उलटं. मी पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. आक्का अंधारात माझ्या मागं उभ्या राहून माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

‘काय झालं ओ? बरं हाय न्हवं?’

‘मॅडम सांगतील,’ मी म्हटलं. हे आमचं ठरलेलं उत्तर. पण या पोरीची नजर कधीच पुरती होणार नाही हे मला कळलं होतं, आणि तिच्या आईचा संसार वाचण्याची शक्यताही त्याच लाटेत होती.

मॅडमनी तिघांना आत घेतलं, मलाही थांबवलं. पोरीचे डोळे, कातडी आधीच तपासून झाली होती. त्यांनी शांतपणे सांगितलं, हा जन्मजात आजार आहे, पोटात असतानाच रंग तयार झाला नाही, म्हणून ती गोरी, म्हणून डोळे हलतात. चष्मा लागेल, उन्हापासून जपावं लागेल, शाळेत पुढं बसवावं लागेल. पण शिकेल, सगळं करेल.

नागेश जमिनीकडं बघत म्हणाला, ‘म्हंजे माझीच हाय का न्हाय?’

‘ही तपासणी बाप सांगत नाही,’ मॅडम म्हणाल्या. ‘पण मला सांगा, तुम्हाला शंका कशावरून आली? रंगावरूनच ना?’

‘व्हय.’

‘रंगाचं कारण मी सांगितलं. आता शंकेला दुसरं काही कारण उरलंय?’

 मॅडम पुढं म्हणाल्या, ‘हा आजार आईकडून अर्धा आणि बापाकडून अर्धा असा येतो. दोघं दिसायला चारचौघांसारखी असतात, दोष आत लपून राहतो. नात्यात लग्नं होतात तिथं दोन अर्ध्यांची जास्त वेळा गाठ पडते. तुमचं लग्न तर मामाच्या मुलीशी. तुमच्या घरात याआधी कुणी असं जन्मलंय का?’

नागेशनं आईकडं पाहिलं. आक्का म्हणाल्या, ‘न्हाय.’

नागेश रडायला लागला. दणकट गडी, फौंड्रीत तापलेल्या लोखंडापुढं उभा राहणारा, खुर्चीत मुटकुळं होऊन रडत होता. मग त्यानं पोरगी मागितली. रेश्मानं दिली, पण लगेच नाही. त्याला पोर कसं धरायचं तेही कळेना, इतक्या महिन्यांत बहुतेक घेतलीच नव्हती. पोरगी त्याच्या शर्टाचं बटण तोंडात घालायला लागली. मला वाटलं, चला, आजचा दिवस सत्कारणी लागला.

ती दोघं औषधाच्या खिडकीकडं गेली. मी खोलीत तारा पुसत होते. मागं आक्का उभ्या. मला वाटलं, पोरीचं टोपडं राहिलं असेल.

‘बाई, एक इचारू? भाईर सांगू नका.’

‘विचारा की.’

‘घरात दुसरी सून बी नात्यातलीच असली, तर तिला बी असलं पोर हुतंय?’

‘होऊ शकतं. तुमच्या मुलांमध्ये तो अर्धा भाग असू शकतो, सुनेकडूनही आला तर होतं.’

‘पोर त्याच घरातल्या बापाचं असून बी?’

‘हो. बापाचंच असून.’

आक्का उभ्या होत्या तिथंच खाली बसल्या. खुर्ची होती शेजारी, पण फरशीवर बसल्या. त्यांचा तो ओपीडी गाजवणारा आवाज कुठं गेला कुणास ठाऊक.

‘मग थोरलीचं बी तसंच असंल.’

‘कोण थोरली?’

मग त्यांनी सांगितलं. थोरल्या मुलाची बायको सविता, नंदगडाकडची, आक्कांच्या नवऱ्याच्या बाजूच्या नात्यातली; आक्कांचं स्वतःचं लग्नही नात्यातलंच, म्हणजे सगळं एकाच गोतातलं. तिला पहिलं पोर झालं ते याहून पांढरं. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. बारशाला बायका आल्या आणि पाळण्यात बघून तोंडाला पदर लावून गेल्या. थोरला गप्प राहिला. बोलल्या त्या आक्का. ‘मीच म्हणलं, ज्याचं हाय त्येच्याकडं जा. तिचं बोचकं मीच उंबऱ्याभाईर ठिवलं. ती पायाला धरत हुती, बाई. म्हणाली, आत्याबाई, देवाची आण. मी पाय सोडवून घेतला.’

‘आणि तुमचा मुलगा?’

‘त्येचं दुसरं लगीन लावलं की मी. दोन पोरं हायती.’

 ही बाई आत्ताच माझ्यापुढं भावाच्या लेकीसाठी लढली होती. मी तिचं मनातल्या मनात कौतुक केलं होतं, टाळू पुसता पुसता तिच्याशी हसले होते. ही सून भावाची लेक होती म्हणून मशीन, मॅडम, कागद. थोरली भावाची नव्हती म्हणून उंबऱ्याबाहेर बोचकं. आणि आत मॅडमनी सरळ विचारलं तेव्हा ‘न्हाय’! इतकी चीड मला नोकरीत क्वचित आली असेल.  आक्का स्वतःच्या तळहाताकडं बघत होत्या, बहुधा त्याच हातानं बोचकं उचललं असेल.

मी मॅडमना सांगितलं. आक्कांनी बाहेर सांगू नका म्हटलं होतं, पण मॅडम काही बाहेरच्या नव्हत्या, आणि कुठंतरी एक पोर डोळे मिटत उन्हात फिरत होतं. मॅडमनी त्या पोरीचा कागद पुन्हा काढून पाहिला. मग म्हणाल्या, ‘त्यांना सांगा, त्या मुलाला घेऊन या. बाकीचं आपल्या हातात नाही.’

मला वाटलं नव्हतं, पण आक्का नंदगडाकडं गेल्या. तिथं काय झालं मला माहीत नाही. मध्ये पावसाळा गेला, आणि एके दिवशी सकाळी माझ्या दारात एक सडसडीत बाई उभी राहिली, काजूच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या बायकांची असतात तशी काळी पडलेली बोटं, बरोबर टोपी घातलेला मुलगा. आक्का खूप मागं, व्हरांड्याच्या टोकाला, खांबापाशी.

‘मी सविता,’ ती म्हणाली. ‘तुमी बोलावलं म्हणं. तेल लावलेलं न्हाय.’

मुलगा तिसरी-चौथीतला असावा. टोपी काढली आणि अंधाऱ्या खोलीत त्याचे केस चमकले. तो खुर्चीवर शहाण्यासारखा बसला. चौकटीकडं बघताना मान एका बाजूला वाकडी करत होता, तशी धरली की हलणारे डोळे जरा थांबतात, हे त्याचं त्यानंच शोधून काढलं होतं. मी विचारलं, शाळेत कुठं बसतोस? म्हणाला, ‘मागं. मास्तर म्हणत्यात, तू बगतच न्हाईस, मग पुडं कशाला?’

मी तीन तारा लावल्या. लाटा आल्या, या बाजूला, मग त्या बाजूला. लहान चुलत बहिणीच्या आणि याच्या कागदात फरक काढायचा म्हटलं तर वरचं नावच वाचावं लागलं असतं.

मॅडम शस्त्रक्रियेत होत्या, यायला वेळ होता. ‘मॅडम सांगतील’ एवढंच म्हणायचा माझा नियम, आणि तो मी सहसा मोडला नाही. त्या दिवशी मोडला. मला राहवेना. इतकी वर्षं हिनं मान खाली घालून काढली असतील, तिला हे ऐकायला आणखी तासभर का थांबवायचं? मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले, तिचा हात धरला आणि सगळं सांगितलं. पोटात असताना तंतू कसे निघतात, चौकात कसे चुकतात, रंग का नसतो, अर्धं आईकडून, अर्धं बापाकडून. शेवटी म्हटलं, ‘तुमचा काहीच दोष नव्हता हो. मुलाच्या रंगाचं कारण आता मशीनवर दिसतंय.’

ती रडेल असं मला वाटलं होतं. मी पदराचं टोक हातात धरून तयारही होते.

तिनं हात हळूच सोडवून घेतला.

‘ते मला म्हाईत हुतं की ओ,’ ती म्हणाली. ‘पोर कुणाचं ते आईला म्हाईत नसतंय व्हय? मशीन त्यास्नी पायजे हुतं.’ तिनं व्हरांड्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मुलाची टोपी नीट करत तिनं मला विचारलं, ‘ह्येला फळा दिसंल असा चष्मा हाय काय, तेवढं सांगा.’